‘स्लमडॉग मिलेनियर’ : कौतुक, आक्षेप आणि न दिसलेलं गाव

२२ फेब्रुवारी २००९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘स्लमडॉग मिलेनियर’ने आठ ऑस्कर पटकावली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनिमिश्रण, पार्श्वसंगीत आणि गाणं, अशी ही आठ. त्यातली दोन ए. आर. रहमान यांची, गाण्याचं गुलजार यांच्यासोबत. ध्वनिमिश्रणाच्या पारितोषिकात केरळचे रसूल पूकुट्टी भागीदार होते. पुढे दोनच महिन्यांत लोकसभेची निवडणूक आली, काँग्रेसने त्यातलं ‘जय हो’ हे गाणं प्रचारासाठी घेतलं, आणि ज्यांनी चित्रपटाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या कानावरही ते गाणं प्रचाराच्या भोंग्यातून पडलं. मुंबईच्या झोपडपट्टीवर ब्रिटिश दिग्दर्शकाने काढलेला चित्रपट असा देशभर पोचला.

त्या काळी सुरू झालेला वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. भारतातल्या गरिबीवर बेतलेला हा परदेशी चित्रपट एवढ्या कौतुकाला पात्र होता का? प्रश्न एकच दिसतो, पण उत्तरं देणारे निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. कुणी चित्रपटाची कारागिरी मोजतो, कुणी त्यातला खरेपणा, तर कुणी हिशोब मागतो की ज्यांच्या आयुष्यावर हे सगळं उभं राहिलं त्यांच्या पदरात काय पडलं. या तीन मोजमापांची सरमिसळ झाल्यामुळेच वाद गोल फिरत राहिला, असं मला वाटतं. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीत बसून पाहिलं तर आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. ती मुंबईच्या किंवा लंडनच्या समीक्षकांच्या लिखाणात क्वचित येते. तिच्याकडे ओघात येईनच.

वादाचं मूळ

परक्या नजरेला दिसलेली भारतीय गरिबी हा विषय ‘स्लमडॉग’पेक्षा फार जुना आहे. कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिकेचं ‘मदर इंडिया’ १९२७ मध्ये आलं, तेव्हा गांधीजींनी त्याला गटार तपासायला आलेल्या निरीक्षकाचा अहवाल म्हटलं होतं. घाण नाही असा गांधीजींचा दावा नव्हता. फक्त घाणच पाहायची आणि तोच देश म्हणून सांगायचा, याला त्यांचा आक्षेप होता. पुढच्या बहुतेक आक्षेपांचा साचा इथेच तयार झाला.

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ चा. १९५६ मध्ये कानच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. त्यानंतर पंचविसेक वर्षांनी, राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस यांनी राय यांच्यावर भारताची गरिबी परदेशात विकल्याचा आरोप केला. आपल्या १९५७ च्या ‘मदर इंडिया’त नांगर ओढणाऱ्या, कर्जात बुडालेल्या बाईची भूमिका करणारी अभिनेत्री हे म्हणाली म्हणून अनेकांना नवल वाटलं. पण या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. राय परदेशी नव्हते, म्हणजे आक्षेप दिग्दर्शकाच्या जन्मस्थळापुरता नव्हता. आपलं दुःख कुणासमोर मांडलं जातं आणि टाळ्या कोण वाजवतं, हे टीकाकारांना खुपत होतं.

परदेशी कॅमेऱ्याच्या वाट्याला अर्थातच जास्त राग आला. लुई माल यांची भारतावरची माहितीपट मालिका बीबीसीने दाखवली, तेव्हा १९७० मध्ये सरकारने बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालय काही काळ बंद करायला लावलं. रोलां जोफे यांच्या ‘सिटी ऑफ जॉय’च्या चित्रीकरणाला कोलकात्यात कडाडून विरोध झाला. कोलकात्याच्याच सोनागाचीतल्या मुलांवरच्या ‘बॉर्न इंटू ब्रॉथेल्स’ या माहितीपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि मुलांचं भलं झालं की नाही यावर वाद झडला. यापेक्षा वेगळं उदाहरण म्हणजे मीरा नायर यांचा १९८८ चा ‘सलाम बॉम्बे’. रस्त्यावरच्या मुलांना घेऊन, त्यांची कार्यशाळा घेऊन तो मुंबईत केला गेला, आणि त्यातून मुलांसाठी काम करणारा सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. ‘स्लमडॉग’ची तुलना सतत ‘सलाम बॉम्बे’शी होत राहिली ती यामुळेच.

चित्रपट कसा घडला

या कथेचा उगम भारतीयच आहे. विकास स्वरूप हे परराष्ट्र सेवेतले अधिकारी. त्यांची ‘क्यू अँड ए’ ही कादंबरी २००५ मध्ये आली. दिल्लीच्या कालकाजीत १९९९ मध्ये डॉ. सुगाता मित्रा यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवून केलेला प्रयोग, आणि ब्रिटनमधल्या प्रश्नमंजूषेत एका मेजरवर झालेला फसवणुकीचा आरोप, या दोन्हींनी आपल्याला ही कथा सुचवली, असं स्वरूप यांनी सांगितलं आहे. बक्षिसाच्या प्रश्नमंजूषेत बरोबर उत्तरं देऊन फसवणुकीच्या संशयात सापडलेल्या कादंबरीतल्या नायकाचं नाव राम महंमद थॉमस. पटकथाकार सायमन ब्यूफॉय यांनी त्याचा जमाल मलिक केला, त्याला सलीम हा भाऊ दिला, दंगलीत आई गमावल्याचा प्रसंग घातला आणि लतिका या बालमैत्रिणीच्या शोधाला कथेचा कणा बनवलं. कादंबरीतला विखुरलेला, अनेक धर्मांच्या घरांत वाढलेला पोरगा चित्रपटात प्रेमकथेचा नायक झाला.

दिग्दर्शन डॅनी बॉईल यांचं. भारतातली सहदिग्दर्शिका लवलीन टंडन. लहान मुलांचे संवाद इंग्रजीऐवजी हिंदीत असावेत हा आग्रह टंडन यांचा, आणि त्यामुळे चित्रपटाचा जवळपास तिसरा हिस्सा हिंदीत झाला. खर्च सुमारे दीड कोटी डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबाने किरकोळ. वॉर्नरने आपली छोट्या चित्रपटांची कंपनी बंद केली तेव्हा तो थिएटरऐवजी थेट डीव्हीडीवर जाण्याचीही वेळ आली होती. मग फॉक्स सर्चलाइटने तो घेतला, टोरांटोच्या महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला पहिली पसंती दिली आणि पुढे जगभरातून त्याने सदतीस कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. भारतात तो २३ जानेवारी २००९ रोजी लागला, हिंदीत ‘स्लमडॉग करोडपती’ या नावाने. इथे मात्र त्याला पाश्चात्त्य देशांसारखी गर्दी झाली नाही.

कौतुक करणाऱ्यांचं म्हणणं

कौतुक करणारे चित्रपटाच्या घडणीवर बोट ठेवतात आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी लहान डिजिटल कॅमेरे हातात घेऊन मुलांमागे बोळांतून धाव घेतली. मोठा कॅमेरा तिथे शिरलाच नसता. मुख्यतः डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या चित्रपटाला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ. प्रश्न, त्यामागची आठवण, पोलीस ठाण्यातली चौकशी असे तीन काळ ख्रिस डिकन्स यांच्या संकलनात एकमेकांत गुंफले जातात, तरी प्रेक्षक कुठे हरवत नाही. बॉईल यांनी आपलं ऋणही लपवलं नाही. राम गोपाल वर्मा यांचे ‘सत्या’ आणि ‘कंपनी’, अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ पाहून शिकल्याचं त्यांनी सांगितलं. धारावीतली सुरुवातीची पळापळ आणि ‘ब्लॅक फ्रायडे’तला लांबलचक पाठलाग लागोपाठ पाहिले की नातं लगेच लक्षात येतं.

याहून महत्त्वाचा मुद्दा ज्ञानाचा. चौकशीतला एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय बोधचिन्हाखाली काय लिहिलेलं असतं हे जमालला आलेलं नसतं. इरफान खान यांचा इन्स्पेक्टर म्हणतो की हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यावर जमाल त्यालाच विचारतो, चौपाटीवर अमुक गाड्यावरच्या पाणीपुरीचा भाव काय? सांताक्रूझ स्टेशनबाहेरून एका हवालदाराची सायकल कुणी चोरली? इन्स्पेक्टर निरुत्तर. शाळेची पायरी न चढलेल्या मुलाकडेही माहितीचा साठा असतो, फक्त परीक्षा घेणारे त्याचे प्रश्न विचारत नाहीत, हे दोन मिनिटांत कळतं. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे.

आग्र्याच्या प्रसंगावर मात्र दोन तट आहेत. अमेरिकन जोडप्याला जमाल वाटाड्या बनून फिरवतो, तोवर त्यांच्या गाडीची चाकं चोरीला जातात आणि ड्रायव्हर जमालला मारतो. खरा भारत पाहायचा होता ना, हा घ्या, असं जमाल म्हणतो. त्यावर ती बाई, हा घे खऱ्या अमेरिकेचा नमुना, या अर्थाचं बोलते आणि नवऱ्याकडून त्याला डॉलर द्यायला लावते. चित्रपटाने आपल्याच परदेशी प्रेक्षकाला इथे आरसा दाखवला, असं समर्थकांना वाटतं. विरोधक म्हणतात की शेवटी दयाळू ठरली ती अमेरिकाच, आणि आरशात प्रेक्षकाला स्वतःचं गोड रूपच दिसलं. दृश्य एकच आणि दोन्ही वाचनं त्यात बसतात, म्हणून हा मुद्दा आजवर निकाली निघालेला नाही.

आक्षेपांचे प्रकार

सगळ्यात आधी आक्षेप घेतला गेला तो मानापमानाचा. पाटण्यात झोपडपट्टीवासीयांच्या एका कार्यकर्त्याने नावातल्या कुत्र्याच्या उल्लेखावरून दावा लावला, मुंबईतही निदर्शनं झाली. आपण तो शब्द अपमान करायला वापरला नव्हता, असा खुलासा ब्यूफॉय यांनी केला. अमिताभ बच्चन यांनी जानेवारी २००९ मध्ये लिहिलं की अशी काळी बाजू अगदी विकसित देशांतही असते, आणि भारतीयाच्या कल्पनेवर पाश्चात्त्य माणसाने केलेल्या चित्रपटाला जागतिक मान मिळतो. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा आपण फक्त दोन्ही बाजू मांडत होतो, असं त्यांनी स्पष्ट केलं.

दुसरा आक्षेप संभाव्यतेचा. सलमान रश्दी यांना कथेतले योगायोग पटण्याजोगे वाटले नाहीत. बारीकसारीक चुकांची यादीही मोठी आहे. प्रश्नमंजूषा चित्रपटात थेट प्रक्षेपित होते, आपल्याकडे मात्र ‘कौन बनेगा करोडपती’ आधी चित्रित होऊन मग दाखवलं जातं. ‘दर्शन दो घनश्याम’ हे गीत कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर चित्रपट सूरदास असं देतो. प्रत्यक्षात हे गाणं १९५७ च्या ‘नरसी भगत’ या चित्रपटातलं, आणि गीतकार गोपालसिंह नेपाळी. ज्या गोष्टीत बरोबर उत्तरावर लाखो रुपये मिळतात, तिथेच उत्तर चुकावं हे खटकतं. समर्थक म्हणतात, ही परीकथा आहे, पहिल्याच पाटीवर नशिबाचा पर्याय दिलेला आहे, तिला वास्तवाची फूटपट्टी का लावायची? पण मग त्याच परीकथेला जगभर भारताचं दर्शन म्हणून का दाखवलं गेलं, हा उलट प्रश्न उरतोच.

आपल्याच राज्यात अशी गोष्ट पुढे खरी घडली, याची इथे नोंद घ्यावी लागेल. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या शाळेत दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकले. त्यांचं मानधन होतं महिना पंधराशे रुपये. म्हणजे कथेचा शेवट अशक्य नव्हता. फरक आहे तो वाटेत. जमालला प्रत्येक उत्तर एखाद्या जखमेतून सापडतं. चुलीपुढे उभं राहून जगणाऱ्या माणसाला ते वाचनातून आणि जिद्दीने मिळवावं लागतं. गरीब माणूस अभ्यास करतो, ही साधी गोष्ट चित्रपटात कुठेच येत नाही. मला ही उणीव सूरदासाच्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप अभ्यासकांचा. टोरांटोतल्या एका विद्यापीठातल्या मितू सेनगुप्ता यांनी लिहिलं की चित्रपटात वस्ती म्हणजे नुसती अंदाधुंदी. तिथे संघटना नाही, शेजारधर्म नाही, कुणी एकमेकांसाठी उभं राहत नाही, आणि सुटका होते ती एकट्या नायकाची, बक्षिसाच्या रकमेने. अरुंधती रॉय यांचंही म्हणणं असं की गरिबी का निर्माण होते, ती कोण टिकवतं, हा सारा संदर्भ काढून टाकला की तिचं फक्त दृश्य उरतं. धारावीत काम करणाऱ्या माटियास एचानोव्हे आणि राहुल श्रीवास्तव यांनी ऑस्करच्या तोंडावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये दाखवून दिलं की धारावी हे उद्योगांचं गाव आहे. कुंभारवाड्यातल्या सौराष्ट्राच्या कुंभारांच्या भट्ट्या, तमिळ कारागिरांनी वाढवलेला चामड्याचा धंदा, तेरा कंपाउंडमधलं भंगार आणि प्लास्टिक दळण्याचं काम, अंगणात पापड वाळवणाऱ्या बाया, आणि या सगळ्यांच्या आधीपासूनचा कोळीवाडा. कल्पना शर्मा यांनी २००० मध्येच ‘रीडिस्कव्हरिंग धारावी’ या पुस्तकात हे सविस्तर मांडलं होतं. चित्रपटात यातलं जवळजवळ काहीच नाही. मुलांना आंधळं करून भीक मागायला लावणारी टोळी मात्र आहे.

मराठी वाचकाने इथे आपलं घर तपासायला हरकत नाही. झोपडपट्टी आतून लिहिण्याची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेले अण्णाभाऊ साठे, बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ, भाऊ पाध्ये. जयवंत दळवींच्या ‘चक्र’वर रवींद्र धर्मराज यांनी चित्रपट काढला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि १९८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात त्याने सुवर्ण बिबट्या जिंकला. यातल्या बहुतेक लेखनात वस्तीतल्या माणसाला जात आहे, बोली आहे, तो पूर्वी काय धंदा करत होता हे ठाऊक आहे. ‘स्लमडॉग’मधल्या मुलांना धर्म आहे, पण जात नाही. आणि मुंबईच्या वस्तीतून मराठी जवळपास गायब आहे. महेश मांजरेकरांचा गुंड जावेद आहे तेवढाच, तोही मराठी बोलत नाही. कारागिरीला दिलेलं पारितोषिक यामुळे चुकीचं ठरत नाही. पण वस्तीचं चित्र म्हणून तो ‘चक्र’च्या शेजारी ठेवला की फिका पडतो, हे माझं मत.

मुलांचं देणं

तिसरं मोजमाप हिशोबाचं. चित्रपटातली दोन लहान मुलं खरोखरच वांद्रे पूर्वेच्या गरीबनगर वस्तीतली होती. जानेवारी २००९ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्यांना फार थोडे पैसे दिल्याच्या बातम्या छापल्या. निर्मात्यांनी आकडे नाकारले. महिनाभराच्या कामासाठी त्या वस्तीतल्या मोठ्या माणसाच्या वर्षभराच्या कमाईच्या तिप्पट रक्कम दिली, शाळेत नावं घातली, आणि शिक्षण पूर्ण केल्यावर मिळेल अशी रक्कम न्यासात ठेवली, असं त्यांनी सांगितलं. मुलं ऑस्करच्या सोहळ्याला गेली, परतली ती त्याच वस्तीत. मे महिन्यात अतिक्रमण हटाव मोहिमेत त्यांची घरं पाडली गेली, आणि जगभरच्या वाहिन्यांनी तेही दाखवलं. मग निर्मात्यांच्या जय हो ट्रस्टमार्फत घरांची व्यवस्था झाली. निर्मात्यांनी मुंबईतल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी पाच लाख पौंड देण्याचंही जाहीर केलं. २०११ मध्ये गरीबनगरला मोठी आग लागली, तेव्हाही ‘स्लमडॉग’ची पुन्हा आठवण निघाली.

निर्मात्यांच्या बाजूने सांगायचं तर न्यास, शाळा, घर एवढं फार थोड्या चित्रपटांनी केलं आहे. मुंबईच्या कितीतरी हिंदी चित्रपटांनी वस्तीतली पोरं गर्दीत उभी करून संध्याकाळी रोजंदारीवर वाटेला लावली, त्यांना जाब कुणी विचारला नाही. विरोधी बाजू अशी की दीड कोटी डॉलरमधून सदतीस कोटी झाले, तेव्हा वाढलेल्या वाट्यावर मुलांचा हक्क करारात असायला हवा होता. दातृत्व नंतर दाखवून तो हक्क भरून निघत नाही. मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं पटतं, पण पहिल्या बाजूचा हिशोबही खरा आहे.

कळमनुरीच्या बाजूने

आता सुरुवातीला सांगितलेली ती गोष्ट. चित्रपटाचा शेवट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावरच्या नाचाने होतो. त्याच स्थानकात नांदेडवरून येणाऱ्या देवगिरी आणि तपोवन एक्सप्रेस रिकाम्या होतात. कळमनुरीला रेल्वे नाही. इथला माणूस एसटीने आखाडा बाळापूर, वारंगा फाट्यावरून नांदेड गाठतो आणि तिथून रात्रीची गाडी धरतो. हातात पत्र्याची पेटी किंवा पोतं, खिशात पुतण्याचा नाहीतर मेव्हण्याचा पत्ता. मुंबईच्या वस्त्यांत, नाक्यांवर सकाळी कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्यांत मराठवाड्यातली माणसं किती आहेत हे तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की भाषेवरून कळतं. १९७२ च्या दुष्काळात ही रीघ वाढली. तेव्हा खडी फोडून, पाझर तलावांची माती वाहून, सुकडीवर दिवस काढूनही ज्यांचं भागलं नाही त्यांनी मुंबई गाठली. त्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. २००६ मध्ये देशाची रोजगार हमी पहिल्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत लागू झाली, त्यांत हिंगोली होताच. आजही दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन तांड्यावरची जोडपी कोयत्यावर जातात, आणि सोयाबीनचा भाव पडला की कुणाचा तरी पोरगा पुण्याची वाट धरतो.

‘स्लमडॉग’मध्ये हे गावच नाही. जमाल, सलीम, लतिका कुठून आले, त्यांच्या आईने कोणतं शिवार सोडलं, गावाकडे कुणी उरलं आहे का, चित्रपट विचारत नाही. वस्ती जणू आपोआप उगवली. संदर्भ काढून टाकल्याचा जो आक्षेप अभ्यासक घेतात, तो इथून पाहणाऱ्याला असा हाताला लागतो. अण्णाभाऊ वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले होते, आणि ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड मुंबईत राबणाऱ्या माणसाच्या मनातल्या गावाबद्दल आहे. आतून लिहिणाऱ्याला गाव विसरता येत नाही.

मग गावच दाखवणारा परदेशी चित्रपट आला तर तो जास्त न्याय देईल का? त्याचं उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळ. तिथल्या तेलंग टाकळी गावात मिका पेलेद यांनी ‘बिटर सीड्स’ हा माहितीपट केला. २०११ मध्ये आम्स्टरडॅमच्या महोत्सवात त्याला पर्यावरणविषयक पारितोषिक मिळालं. बीटी कपाशी लावणारा एक शेतकरी, त्याची एका हंगामाची गोष्ट, पोरीच्या लग्नाची चिंता, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल लिहू पाहणारी गावातलीच एक विद्यार्थिनी. बियाण्याचं पाकीट, सावकार, पावसाची ओढ हे सगळं त्यात आहे, आणि कळमनुरीच्या कापूसवाल्याला ते परकं वाटणार नाही. पण यावरही आक्षेप आले. आत्महत्यांचं खापर मुख्यतः बीटी बियाण्यावर फोडता येत नाही, कोरडवाहू जमीन, बँकेचं कर्ज न मिळणं, भावातली चढउतार यांचा गुंता मोठा आहे, असं अनेक संशोधकांनी मांडलं. एका चित्रपटात गरिबीला कारणच नाही, दुसऱ्यात एकच कारण फार ठळक आहे. बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्याला थोड्या दिवसांत दूरच्या प्रेक्षकाला समजेल अशी गोष्ट सांगायची असते, त्याची ही दोन टोकं.

त्याच सुमारास आपल्याकडे सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. विदर्भातला शेतकरी आत्महत्या करील या धास्तीने त्याच्यावर पाळत ठेवणारं घर, असा विषय. २००९ मध्ये तो रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथल्याच निधीची मदतही त्याला होती. म्हणजे परदेशी पैसा किंवा परदेशी प्रेक्षक हीच अडचण आहे असंही नाही. पुढे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ यांनी देशाबाहेर मान मिळवला. पण ‘स्लमडॉग’इतकी थिएटरं आणि जाहिरातीचा पैसा यांतल्या एकाच्याही वाट्याला आला नाही. गुणवत्तेइतकाच वितरणाचा वाटा कौतुकात किती, हे यावरून मोजता येईल.

काय उरलं

कारागिरीबद्दलचा वाद आता बराच शमला आहे. कडक टीकाकारही संकलन, ध्वनी, मुलांचा अभिनय नाकारत नाहीत. वस्तीच्या चित्रणाबद्दल अभ्यासकांचं बहुमत टीकेकडे झुकलेलं दिसतं, तरी परीकथेला वास्तवाची अट घालावी का, यावर एकमत नाही. चित्रपटाने काही बदललं का, याचं उत्तर तर आणखी अवघड. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा चित्रपटाच्या आधीपासून, २००४ पासून चालू होती, आणि निविदा अखेर २०२२ मध्ये अदानी समूहाला मिळाली. यातलं काहीही चित्रपटामुळे झालं असं म्हणता येत नाही. त्याच ऑस्करच्या रात्री उत्तर प्रदेशातल्या दुभंगलेल्या ओठाच्या मुलीवरच्या ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटालाही पारितोषिक मिळालं होतं. एका शस्त्रक्रियेने सुटणारा प्रश्न आणि शहराच्या जमिनीचा प्रश्न यांना एकाच मापाने मोजणं अर्थातच चुकीचं.

मुलांच्या देण्याबाबत मात्र देशाच्या कायद्यात थोडी हालचाल झाली. २०१६ च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर २०१७ मध्ये जे नियम आले, त्यांनुसार चित्रपटात काम करणाऱ्या मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांची मर्यादा आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याच्या कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवावा लागतो. ‘स्लमडॉग’च्या वेळी हे नियम असते तर मुलांच्या पैशांवरचा निम्मा वाद झाला नसता. चित्रपट अनपेक्षित चालला तर नफ्यातला वाटा मिळावा का, याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. आणि माहितीपटातल्या शेतकऱ्याला तर मेहनताना देण्याचा प्रघातच नाही, कारण पैसे दिले की साक्ष विकत घेतल्यासारखी होते, असं माहितीपटकार मानतात. त्याच्या घरात वर्षभर कॅमेरा फिरतो, त्याचं कर्ज, त्याच्या पोरीचं लग्न जगाला दिसतं. त्या बदल्यात त्याचं, त्याच्या गावाचं काय देणं लागतं, आणि ते कुणी ठरवायचं, यावर तेलंग टाकळीत, कळमनुरीत किंवा आम्स्टरडॅममध्ये व्हायला हवी तेवढी चर्चा अजून झालेली नाही.